तिसरा टण्

वाचायला उभा राहिलो तेव्हा माझ्या हातातले कागद इतके थरथरत होते की शेजारी बसलेल्या दंतवैद्यांनी उठून पंखा बंद केला. कागद तरीही थरथरतच राहिले. मग त्यांनी माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. दाढ काढायच्या आधी ते तसंच बघतात.

आमचं लेखन मंडळ दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतं. मंडळ चालवतात त्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यांचे नियम दोनच. पहिला, इथे फक्त अपुरं लिखाण वाचायचं. "पुरं झालेलं वाचणारा मदत मागायला येत नाही, कौतुक मागायला येतो," असं त्या म्हणतात. दुसरा नियम असा की वाचून झाल्यावर चर्चा संपेपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, समर्थन नाही, हूं नाही की चूं नाही. या नियमापायी मी कितीतरी कवींना लालबुंद होताना पाहिलं होतं आणि मजाही घेतली होती. त्या दिवशी माझी पाळी होती.

आता माझा धंदा सांगायला हवा. मी लिफ्ट तपासणी विभागात निरीक्षक आहे. दोर बघायचे, ब्रेक बघायचे, दारं नीट मिटतात का ते बघायचं आणि सगळं ठीक असेल तर प्रमाणपत्रावर सही करायची. लिफ्टमध्ये शिरल्यावर दुसऱ्या माणसाची नजर टाळायला तुम्ही भिंतीवरचा जो चौकटीतला कागद वाचता, तो माझा. या शहरात माझ्याइतका वाचला जाणारा लेखक दुसरा नसेल. पण कोणी कधी दाद दिलेली नाही.

तर लिहायचं ठरल्यावर मी आपल्या माहितीतलंच लिहायला घेतलं. एक माणूस लिफ्टमध्ये एकटा आहे. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबते. दिवा जातो. आणि वरून, अंधारातून, आवाज येतो. टण्. दोराची एक तार तुटली. माणूस श्वास रोखून उभा राहतो. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टण्. आणि मग तिसरा टण्. माझी कथा इथवरच झाली होती. याच्या पुढे मला लिहवेना. खरं कारण सांगतो, मला भीती वाटायला लागली होती.

हसू नका. लिफ्ट चार-पाच दोरांवर लटकते आणि त्यातला एकही दोर सगळा भार पेलू शकतो, हे मला माहीत आहे. वेग वाढला तर बाजूच्या रुळांना आवळून धरणारा ब्रेक असतो, खाली खड्ड्यात स्प्रिंगा असतात, हे मीच लोकांना सांगत आलोय. पण दुसरा टण् लिहिल्यापासून मी लिफ्टमध्ये पाय ठेवू शकत नव्हतो. घरी पाचव्या मजल्यावर जिन्याने जायचो. कामावर तपासणीच्या वेळी आत बसावं लागतं, तिथे मी "आज वजनाची चाचणी घेऊ" म्हणून माझ्याऐवजी वाळूच्या गोण्या पाठवायला लागलो. गोण्यांनी तक्रार केली नाही.

बायकोने विचारलंच. "तुम्ही हल्ली जिन्याने का येता?"

"व्यायाम."

"व्यायाम करणारा माणूस तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून राहत नाही."

तर मी वाचलं. तिसऱ्या टण्पाशी थांबलो आणि कागद खाली ठेवले. मला वाटलं, झालं, फसली.

"भयंकर आहे," दंतवैद्य म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला की माणसाचा हात आपोआप गालाकडे जातो. "पण हे खरं वाटतं. कुठल्या इमारतीत घडलं असेल?"

"मी सांगते ना," पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. या वहिनी आमच्याच इमारतीत राहतात आणि मंडळात प्रवासवर्णन लिहितात. पहिल्या मजल्यावर राहत असल्यामुळे त्यांचा लिफ्टशी संबंध येत नाही. पण ज्याच्याशी संबंध येत नाही त्याबद्दल वहिनींची मतं पक्की असतात. "कथेतली ती आरशाखालची उखडलेली पट्टी, दाबल्यावर आत अडकून बसणारं पाचव्या मजल्याचं बटण... ही आमचीच लिफ्ट!"

मी तोंड उघडलं. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "लेखक!"

मी तोंड मिटलं.

"आणि हे लिफ्टचे निरीक्षक," वहिनी पुढे म्हणाल्या. "यांना आतली गोष्ट माहीत असणारच. नोकरी सांभाळून उघड बोलता येत नसेल, म्हणून बिचाऱ्यांनी कथेतून सांगितलं."

"आता कळलं," दंतवैद्य म्हणाले.

मी हातवारे करायला लागलो. बाई म्हणाल्या, "हातवारेही खुलाशात धरले जातील." तेवढ्यात वाचनालयाचे ग्रंथपाल किल्ल्या वाजवत आले. वेळ संपली होती. बोलायची परवानगी मला मिळाली ती जिन्यात, आणि तोवर वहिनी रिक्षात बसून निघूनही गेल्या होत्या.

रविवारी सकाळी मी दूध आणायला निघालो तर जिन्यावर ही गर्दी. इमारतीतली निम्मी माणसं चढत किंवा उतरत होती आणि उरलेली मधल्या टप्प्यांवर दम खात होती. लिफ्ट खाली दार उघडं टाकून एकटी उभी. सोसायटीचे सेक्रेटरी तिच्यापासून चार हात लांब, एखाद्या अनोळखी कुत्र्यापासून उभं राहावं तसे उभे होते.

"या, या," ते मला म्हणाले. "आम्हाला सांगायचंत तरी. कथा कसल्या लिहिता?"

"अहो, ते काल्पनिक आहे!"

"असं? मग तुम्ही स्वतः महिनाभर जिन्याने का जाताय?"

खरं उत्तर लिफ्ट निरीक्षकाने सेक्रेटरीसमोर देण्यासारखं नव्हतं. "व्यायाम," मी म्हणालो. गर्दीतून एक अर्थपूर्ण हुंकार आला.

"मी परवा स्वतः ऐकलं," चौथ्या मजल्यावरचे वकील म्हणाले. "टण्. स्पष्ट."

"तो आमच्याकडचा डबा पडला होता," त्यांच्या मागून त्यांची बायको म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. साक्षीदार मी आहे."

मग सल्ले सुरू झाले. वकिलांचं म्हणणं, मी कथेच्या वर 'यातील लिफ्ट काल्पनिक आहे' अशी ओळ घालावी आणि तीन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. कोणी म्हणालं, लिफ्ट बंदच करा. कोणी म्हणालं, फक्त वर जायला वापरा, कारण धोका खाली येण्यात असतो. सेक्रेटरींनी सूचनाफलकावर कागद डकवला, 'लिफ्टचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा', आणि कथेचा हवाला देऊन आमच्या विभागाला तातडीचा अर्ज केला.

तो अर्ज सोमवारी माझ्याच टेबलावर आला. आपल्याच इमारतीची लिफ्ट आपण तपासायची नाही असा आमच्याकडे नियम आहे. तेव्हा अर्ज दुसऱ्या निरीक्षकांकडे जायला हवा. दुसरे निरीक्षक लग्नासाठी रजेवर. त्यांच्या कामाचा प्रभार कोणाकडे? माझ्याकडे. मी रीतसर मला विचारलं की ही तपासणी माझ्याकडून करता येईल का, आणि प्रभारी या नात्याने मी मला कळवलं की नियमानुसार येणार नाही. फाइल साहेबांकडे गेली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे साहेब रागावत नाहीत, ते मुद्दे काढतात.

"कथेतली लिफ्ट कुठल्या इमारतीत आहे?"

"कुठल्याच नाही, साहेब."

"म्हणजे विनानोंदणी चालते." त्यांनी टिपून घेतलं. "शेवटची तपासणी?"

"साहेब, ती गोष्ट आहे. मनातली."

"तुमच्या मनात ती आली कुठून? कामावरून. म्हणजे विभागातून. म्हणजे विभागाची जबाबदारी." त्यांनी चष्मा काढला. "त्या माणसाचं पुढे काय होतं?"

"अजून ठरलेलं नाही."

"तो जिवंत राहावा अशी विभागाची भूमिका आहे," साहेब म्हणाले. "कथा पूर्ण करून एक प्रत सादर करा. ब्रेक कसा लागला ते सविस्तर येऊ द्या."

मी घरी येऊन लिहायला बसलो. 'इतक्यात सुरक्षा ब्रेक योग्य रीतीने कार्यान्वित झाला' असं लिहिलं. पुन्हा वाचलं. कथेतल्या त्या माणसाकडे बघायची मला लाज वाटली. महिनाभर अंधारात उभा होता बिचारा, आणि मी त्याला परिपत्रक वाचून दाखवत होतो. कागद फाडला. तिसरा टण् तसाच हवेत लोंबकळत राहिला.

इथपर्यंत सगळं माझ्या अब्रूवर भागत होतं. पण आमच्याच इमारतीत, सातव्या मजल्यावर, माझ्या सासूबाई राहतात. एकट्या राहतात, कोणाचं ऐकत नाहीत, आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख फार दिवसांनी मिळाली होती, येत्या गुरुवारची. ती चुकली तर डॉक्टर परदेशी जाणार आणि पुढची तारीख कधी ते कोणी सांगत नव्हतं.

मंगळवारी बायको वरून खाली आली ती डोळे पुसत. "आई लिफ्टने यायला तयार नाही. म्हणते, जावईबापू बसत नाहीत त्या लिफ्टमध्ये मी का बसू?"

"मग जिन्याने..."

"सात मजले? त्या गुडघ्यांवर?" तिने माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुमच्या कथेत कोण मरतं, कोण जगतं ते तुम्ही बघा. माझ्या आईचा गुडघा मात्र खरा आहे."

त्या वाक्यानंतर मला जेवण गेलं नाही.

बुधवारी सेक्रेटरींनी तोडगा काढला. सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने उतरवायचं. "पण आधी तालीम," ते म्हणाले. तालमीला सासूबाईंच्या वजनाचा माणूस हवा होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कमरेचा घेर, उंची यांची उघड चर्चा झाली, आणि मी सासूबाईंइतकाच भरतो असं एकमताने ठरलं. आयुष्यात माझी एवढी बारकाईने तपासणी कोणी केली नव्हती, आणि तपासणी हा तर माझा धंदा.

मला सातव्या मजल्यावर खुर्चीत बसवून पंच्याने बांधलं. पुढे सेक्रेटरी आणि दंतवैद्य, मागे वकील आणि तळमजल्यावरचे व्यायामशाळावाले. दंतवैद्य खास मंडळातर्फे आले होते; कथेचा परिणाम जवळून बघायचा होता म्हणाले. सहाव्या मजल्यापर्यंत ठीक गेलं. पाचव्याच्या वळणावर खुर्चीचा मागचा पाय कठड्याच्या गजात अडकला. सेक्रेटरींच्या कमरेत उसण भरली आणि त्यांनी "आई गं" म्हणून हात सोडला. खुर्ची तिरकी झाली. मी पंच्यात लोंबकळत जिन्याच्या मधल्या पोकळीत खाली, थेट तळमजल्यापर्यंत बघत होतो. खालून पहिल्या मजल्यावरच्या वहिनी वर बघत होत्या.

"हलू नका!" वकील ओरडले. हलतंय कोण? माझे डोळेसुद्धा हलत नव्हते.

"आता या क्षणी नेमकं काय वाटतंय?" दंतवैद्यांनी धापा टाकत विचारलं. "कथेत वापरता येईल."

व्यायामशाळावाल्यांनी एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने मला ओढून काढलं. तालीम तिथेच संपली. सेक्रेटरींना उचलून घरी न्यायला मात्र खुर्ची उपयोगी पडली.

गुरुवार उजाडला. आम्ही वर गेलो तेव्हा सासूबाई इस्त्रीचं पातळ नेसून, काठी हातात आणि पिशवी मांडीवर घेऊन तयार बसल्या होत्या. दाराबाहेर निम्मी इमारत जमलेली.

"खुर्ची नको," त्या म्हणाल्या. "काल वरून पाहिलं मी ते. लिफ्टने जाईन. पण जावईबापू बरोबर हवेत. आणि दुसरं कोणी नको."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला चार दोर आठवत होते, ब्रेक आठवत होता, स्प्रिंगा आठवत होत्या, आणि या सगळ्यांवर माझा काडीचाही विश्वास उरला नव्हता. तरी पाय उचलला. कसा उचलला ते विचारू नका. तिच्या नजरेसमोर नाही म्हणणं लिफ्टपेक्षा अवघड होतं, एवढंच सांगतो.

दार मिटलं. भिंतीवर चौकटीतला कागद होता, दुसऱ्या निरीक्षकांच्या सहीचा. मी तो मुळापासून वाचायला लागलो. लिफ्ट हलली आणि मी सासूबाईंचा दंड धरला. आधार देतोय असं दिसावं म्हणून जरा वाकलो.

"त्या माणसाचं काय होतं शेवटी?" त्यांनी विचारलं.

"अजून लिहिलं नाही."

"मग आता सांगा."

सहावा मजला गेला. मी कागदाची पुढची ओळ वाचत राहिलो. आणि पाचव्याच्या जरा आधी, अगदी कानाशी, आवाज आला. टण्!

मी किंचाळलो. लाजण्यात अर्थ नाही, किंचाळलो, आणि सासूबाईंना घट्ट मिठी मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही एकमेकांना कधी नमस्कारापलीकडे शिवलो नव्हतो.

"मीच मारली काठी," त्या शांतपणे म्हणाल्या. लिफ्टच्या दांड्यावर काठी अजून टेकलेली होती. "बघायचं होतं, तुम्ही खरंच घाबरता की सोंग करता."

"सोंग कशाला करू?"

"मी करते ना." त्यांनी मिठी सोडवली नाही. "मला लिफ्टची कसली भीती? तुमच्या कथेचं ऐकलं आणि वाटलं, बरं झालं, निमित्त मिळालं. तारीख निघून गेली असती तर कोणी मला बोललं नसतं." मग आवाज एकदम बारीक झाला. "भूल देतात म्हणे. मग मधलं काही कळत नाही. मधेच काही झालं तर कळणारसुद्धा नाही, जावईबापू."

ज्या बाईला घाबरून मी वीस वर्षं तिच्यासमोर पायावर पाय टाकून बसलो नव्हतो, ती माझा सदरा मुठीत धरून कापत होती. मीही कापतच होतो. काय करावं सुचेना, म्हणून मी गोष्ट सांगायला लागलो.

"तिसरा टण् झाला," मी म्हणालो. "माणूस खाली बसला. आता चौथा होणार म्हणून कान दाबून बसला. तेवढ्यात बाहेरून, जिन्यावरून, कोणीतरी विचारलं, 'आत कोण आहे?'"

"मग?"

"त्याने सांगितलं. बाहेरचा आवाज म्हणाला, 'मला यंत्रातलं काही कळत नाही. माणसं बोलावलीत. ती येईपर्यंत मी इथे पायरीवर बसून राहीन.'"

दार उघडलं. तळमजला. समोर सेक्रेटरी कमरेला पट्टा बांधून, वकील, व्यायामशाळावाले, वहिनी, आणि सात मजले धावत उतरून लालबुंद झालेली माझी बायको.

"बंद करा ते," सासूबाई म्हणाल्या. "गोष्ट व्हायचीय."

त्यांनी स्वतःच सातचं बटण दाबलं. लोकांच्या तोंडावर दार मिटलं.

"बसून काय केलं मग?" वर जाताना त्यांनी विचारलं.

"काही नाही. बोलत राहिला. भाजी कितीला मिळाली, गुडघे कसे दुखतात, जावई कसा बावळट आहे. आतला माणूस ऐकत राहिला. ऐकता ऐकता कान दाबायचं विसरला."

"जावई बावळट, म्हणजे बाहेर सासू बसली होती?"

"हो."

"मग आतला जास्तच घाबरला असेल," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. गळ्यातून नाही, पोटातून. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. लिफ्ट सातव्यावर जाऊन खाली वळली, आणि मधले मजले कधी गेले ते मला कळलं नाही.

दुसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा गर्दी वाढली होती. "काय झालं? काय झालं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"वाचला तो," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या हाताला धरून गाडीकडे निघाल्या.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. इमारत पुन्हा लिफ्टने ये-जा करू लागली. साहेबांना मी प्रत सादर केली. तिच्यावर 'ब्रेकचा उल्लेख आढळत नाही, तथापि माणूस जिवंत असल्याने प्रकरण बंद' असा शेरा आला. साहित्यावर याहून प्रामाणिक अभिप्राय मला अजून मिळालेला नाही.

पाचव्या दिवशी रुग्णालयातून नर्सबाईंचा फोन आला. आवाज चढलेला. "तुमच्या सासूबाईंना जरा सांगा. वॉर्डातले पेशंट व्यायामाच्या खोलीत जायला तयार नाहीत. लिफ्टने जावं लागतं म्हणून!"

मी धावतच गेलो. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका पांघरुणं हनुवटीपर्यंत ओढून ऐकत होत्या. सासूबाईंच्या गोष्टीत माणूस नव्हता, नवा गुडघा बसवलेली बाई होती. लिफ्टमध्ये ती एकटी नव्हती. तिच्यामागे अंधारात आणखी कोणीतरी उभं होतं आणि बाईला ते अजून ठाऊक नव्हतं. हे माझ्या कथेत कुठेच नव्हतं.

त्यांनी मला दारात पाहिलं, डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं आणि काठी उचलून खाटेच्या लोखंडी दांड्यावर मारली. टण्.

त्यांना गप्प करायला आलो होतो मी. दाराची चौकट घट्ट धरून पुढचं ऐकत उभा राहिलो.